घासलेले वासे

नार्सिसा : हळू, आई. सगळं बदललं असलं तरी उंबरठा तोच आहे, अडखळशील. नळी सांभाळ. आणि बाबा, ते ऑक्सिजनचं सिलिंडर खाली ठेवा की! तान्ह्या बाळासारखं काय कवटाळून उभे राहिलात?

बेलिसारिओ : याला चाकं आहेत होय? उत्तम. एतेल, डोळे मीट.

एतेल्विना : मिटून कशी येऊ? पडेन.

बेलिसारिओ : बरं, नको मिटूस. पण आधी फक्त खिडकीकडे बघ. बाकीचं नंतर.

एतेल्विना : नळ.

बेलिसारिओ : नळ! खिडकीखाली, तू म्हणायचीस तिथेच. आणि लक्षात घे, खालची कुंडी नवी नाही. परसात पडली होती ना, खेचरांना पाणी पाजायची दगडी कुंडी? तीच. तिला फक्त भोक पाडून घेतलं. वस्तू जुनी, घरातलीच, आणि काम नवं. जुन्या घरात हात घालायचा तर असा.

नार्सिसा : लग्नाच्या पहिल्या वर्षी मागितलेला नळ. नातवंडं शाळेत जायला लागल्यावर आला. आमचे बाबा म्हणजे वाऱ्यासारखे.

एतेल्विना : आल्या आल्या सुरू होऊ नकोस. छान आहे, मास्तर. कापुलीचं झाड दिसतंय इथून.

बेलिसारिओ : भांडी घासताना दिसेल. आता चूल बघ. मातीचा ओटा एक वीतसुद्धा हलवलेला नाही. ज्या तोंडात लाकडं सारायचीस तिथे आत गॅसचे बर्नर बसवलेत. नळी मागच्या भिंतीतून बाहेर. दारात उभ्या माणसाला पत्ता लागणार नाही.

नार्सिसा : म्हणजे पाहुण्यांना पत्ता लागणार नाही. खरं दुखणं ते.

बेलिसारिओ : पाहुण्यांचा काय संबंध?

नार्सिसा : दाराला पाटी कुणी लावून घेतली मग? 'हे घर गावाचा ठेवा आहे.' दाराला पाटी लागली आणि आईच्या नाकाला नळी.

एतेल्विना : नार्सिसा.

नार्सिसा : गप्प बसते. बसलेच.

एतेल्विना : मला टेकू दे जरा. नको, आत नको नेऊ. इथेच बसते. बॅगा आल्या का आत?

नार्सिसा : सगळ्या. युफेमिया मावशीकडे तुझा रुमालसुद्धा राहिला नाही. मावशी रडत होती, पण सुटल्यासारखी रडत होती.

एतेल्विना : तिचाही संसार आहे. ऑगस्टात गेले, ते आज आले. बहीण झाली म्हणून काय झालं. आता मी इथून हलायची नाही. डॉक्टरांनी अट एकच घातली. धूर नको. मग हवं तिथे राहा म्हणाले.

बेलिसारिओ : म्हणूनच तर वासे. वर बघ, एतेल. वर तर तू बघितलंच नाहीस.

एतेल्विना : अगंबाई. पिवळे आहेत?

बेलिसारिओ : पिवळे! कुणालाच माहीत नव्हतं. मी जन्मलो तेव्हापासून काळेच बघत आलो. माझ्या आजोबांनीही काळेच बघितले असणार. डॉक्टर म्हणाले होते, धूर म्हणजे नुसता हवेतला नव्हे, भिंतींवर साठलेलाही. मग मी सगळी काजळी काढली. राखेचं पाणी, काथ्याचा ब्रश. एकेक वासा, एकेक कामटी. कामट्या बांधलेल्या चामड्याच्या वाद्यासुद्धा पुसल्या. खालून हे मूळ लाकूड निघालं.

एतेल्विना : शिडीवर चढून?

बेलिसारिओ : नाही तर काय उडून?

एतेल्विना : या वयात. खालून शिडी कुणी धरली?

बेलिसारिओ : शिडी भिंतीने धरली. सोड ते. आवडलं का?

एतेल्विना : उजेड आला. एवढा उजेड इथे कधीच नव्हता. नार्सिसा, मला ॲप्रन दे. फानेस्काचं सूप चढवू या.

नार्सिसा : आत्ताच्या आत्ता? दोन तास गाडीनं डोंगर चढून आलोय आपण.

एतेल्विना : फानेस्का काय ईस्टर उलटल्यावर करायची? पवित्र शुक्रवार परवावर आलाय. मास्तर, धान्यं भिजवलीत?

बेलिसारिओ : अकरा. बारावं मिळालं नाही. पांढरा घेवडा बाजारात नव्हताच.

नार्सिसा : बारा प्रेषितांची बारा धान्यं, त्यातला एक गळाला. दगाबाज यहूदाच असणार तो. बरंच झालं.

एतेल्विना : मासा?

बेलिसारिओ : कालपासून पाण्यात आहे. खारटपणा गेला असेल. पाणी तीनदा बदललं.

एतेल्विना : शहाणे आहात. मी बसून सांगते. नार्सिसा, दूध ठेव. मोठं पातेलं. भोपळा आधी शिजू दे. दार लोटून घे, वारा येतोय.

नार्सिसा : बाबा, या बर्नरवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही!

बेलिसारिओ : काढतो, काढतो. नवीन आहेत ना.

नार्सिसा : नवीन? बसवून महिना झाला, फोनवर तुम्हीच सांगितलंत. महिनाभर जेवताय कशावर?

बेलिसारिओ : शेजारच्या मेर्सेदेसबाई देतात काहीतरी. एकट्या माणसाला किती लागतं? काडेपेटी तिथे आहे.

नार्सिसा : लागला. निळी ज्योत, आई. बघ, डोळ्यांत पाणी नाही, खोकला नाही. शंभर वर्षं आधी करायला हवं होतं हे.

एतेल्विना : हलव. दूध तळाला धरतं. गोल नको हलवू, आडवं. हं. आता मुरू दे. वाफ बघ कशी सरळ वर जाते. पूर्वी धुरात कळायचंच नाही कुठली वाफ आणि कुठला धूर.

बेलिसारिओ : दार उघडू का जरा? वाफ कोंडेल.

एतेल्विना : असू दे. ऊब बरी वाटते.

बेलिसारिओ : नाही, उघडतोच.

एतेल्विना : दुधात पीठ कुणी टाकलं?

नार्सिसा : कुणीच नाही.

एतेल्विना : हे बघ ना. वर तरंगतंय. पिवळं.

नार्सिसा : मक्याचं असेल, पातेल्याला लागलेलं. थांब, काढते. आई, हे पडतंय. आत्ता पडलं. अजून पडतंय.

(तिघंही वर बघतात. वाफ वाशांपर्यंत पोचली आहे. लाकडातून बारीक भुकटी दुधावर, ओट्यावर, एतेल्विनाच्या मांडीवर भुरभुरते आहे.)

बेलिसारिओ : गॅस बंद कर.

नार्सिसा : थांबा. ती सुरी द्या.

बेलिसारिओ : खुर्चीवर चढू नकोस. नार्सिसा, त्या वाशाला हात लावू नकोस म्हणतो ना!

नार्सिसा : बाबा. सुरी मुठीपर्यंत आत गेली. जोर लावला नाही मी. हे लाकूड आहे की कालचा पाव?

बेलिसारिओ : खाली उतर.

नार्सिसा : तुम्हाला माहीत होतं.

बेलिसारिओ : खाली उतर आधी. काढ ती सुरी. हळू.

एतेल्विना : मास्तर, काय आहे ते?

बेलिसारिओ : भुंगा.

एतेल्विना : आपल्या घरात? आपल्या घरात कधी भुंगा नव्हता.

बेलिसारिओ : नव्हता. चूल पेटती होती, काजळी होती, म्हणून नव्हता. कडू, तेलकट थर होता तो, किडा त्यात शिरायचा नाही. मी काजळी काढली सप्टेंबरात. जानेवारीत पहिली भुकटी दिसली. ओट्यावर. मला वाटलं, उंदरांनी मका सांडला.

नार्सिसा : आणि तुम्ही आम्हाला सांगितलंत केव्हा? आत्ता. तेही दुधात पडल्यावर.

बेलिसारिओ : सांगून काय करणार होतात? सुतार बघून गेला. म्हणाला, औषध मारू. डबा दाखवला मला, वर कवटीचं चित्र. महिनाभर घर बंद ठेवायचं, आणि मग वर्षभर ते लाकडातून थोडं थोडं सुटत राहतं. मी डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, तुमच्या बायकोला त्या घराच्या गल्लीतही आणू नका.

नार्सिसा : मग सडलेले वासे बदला.

बेलिसारिओ : असे सुटे बदलता येत नाहीत ते. आता असं बघ, वासे, कामट्या, वाद्या, वरची माती, तिच्यावर कौलं. सगळं एकमेकांत विणलेलं आहे. एक वासा ओढला की छप्पर बसेल, आणि छपरानं दाबून धरलंय म्हणून या मातीच्या भिंती उभ्या आहेत.

नार्सिसा : तर सगळंच काढा. पत्रा टाकू. माझा नवरा चार माणसं आणतो, आठवड्यात टाकतो. सिमेंटचा गिलावा, वर पत्रा, आतून पांढरा रंग. दवाखान्यासारखं चकचकीत.

बेलिसारिओ : मातीवर सिमेंट? पलीकडच्या ओर्देन्येस लोकांचं घर बघितलंस ना? ओल आत कोंडली आणि भिंत झोपली.

नार्सिसा : ती एक भिंत झोपली, माणसं उठून बसली. इथे उलटं चाललंय.

एतेल्विना : मला जरा... थांबा. दोघंही थांबा.

नार्सिसा : आई? नळी निघाली का? बघू.

एतेल्विना : नळी ठीक आहे. मास्तर, काल चूल पेटवली होती?

बेलिसारिओ : कुठली चूल? चुलीत गॅस आहे आता.

एतेल्विना : वास मला येत नाही. कांद्याचाही येत नाही. पण आत आले तेव्हापासून छाती आवळतेय. प्रवासानं अशी आवळत नाही.

बेलिसारिओ : नवा चुना दिलाय भिंतींना. त्याचं असेल.

नार्सिसा : चुना कशासाठी दिला? काल-परवाच दिलाय, बोटाला लागतोय. आणि ओट्याखाली हा पडदा कसला? बाबा, बाजूला व्हा.

बेलिसारिओ : तिथे काही नाही.

नार्सिसा : घमेलं आहे. राखेचं. हात घालून बघा, कोमट आहे अजून.

एतेल्विना : राहू दे ते. आत ढकल.

नार्सिसा : राहू दे? फोनवर मला रोज सांगत होता हा माणूस, 'घर धुऊन काढलंय, आईला घेऊन ये.'

बेलिसारिओ : तू नव्हतीस तेव्हाच पेटवत होतो, एतेल. निलगिरीच्या ओल्या फांद्या. रात्रीतून दारं बंद करून. सुतारानं नंतर वर चढून तपासलं. धुरानं भुंगा थांबतो. जे खाल्लं ते गेलं, पण पुढे सरकत नाही. आज सकाळी सगळं विझवलं, खिडक्या उघडल्या. मला वाटलं, तू आलीस की काही दिवस बंद ठेवू, मग पुन्हा...

एतेल्विना : मग पुन्हा काय?

बेलिसारिओ : तू कधी नार्सिसाकडे जाशील, कधी बहिणीकडे जाशील. तेवढ्यात.

नार्सिसा : म्हणजे आईनं गावभर फिरत राहायचं, इथे होम पेटवता यावा म्हणून!

एतेल्विना : किती दिवस पेटवावी लागेल?

बेलिसारिओ : ती खिडकी जरा आणखी उघडतो.

एतेल्विना : मास्तर, तुम्हालाच विचारतेय.

बेलिसारिओ : पूर्वीसारखी. कायमची.

नार्सिसा : आई पुढच्या खोलीत राहील. मधलं दार बंद करू, फटी बुजवू.

बेलिसारिओ : छप्पर एक आहे. धूर कामट्यांवरून साऱ्या घरात फिरतो. म्हणून तर सारं घर टिकलं. बुजवायचं कुठे कुठे?

नार्सिसा : मग यात एवढं कोडं काय आहे मला कळत नाही! छप्पर ठेवायचं तर आई नाही, आई ठेवायची तर छप्पर नाही. शेंबडं पोरसुद्धा सांगेल काय करायचं ते. तुम्ही विचार करताय! बघ आई, यांचं तोंड बघ. विचार चाललाय!

एतेल्विना : तू बाहेर जा बरं जरा.

नार्सिसा : नाही जाणार.

एतेल्विना : मग बस, पण बोलू नकोस. मास्तर, मला हे स्वयंपाकघर कधी आवडलं नाही.

बेलिसारिओ : काय?

एतेल्विना : कधीच नाही. अंधार. वरून काजळीची जाळी पडायची, भातात. केसांना वास. रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं की कळायचं त्याला.

बेलिसारिओ : तू कधी बोलली नाहीस.

एतेल्विना : नळ मागितला होता.

बेलिसारिओ : नळ मागणं वेगळं. ते घर न आवडणं नाही झालं.

एतेल्विना : तुम्ही पाहुणे आणायचात. शाळेचे, शहरातले, मग परदेशातले. 'ही बघा मूळ चूल, असं स्वयंपाकघर आता कुठे राहिलं नाही.' मी फुंकणी घेऊन बसलेली. मी एकदा फुंकायची. मग कुणीतरी कॅमेरा काढायचं आणि म्हणायचं, पुन्हा एकदा फुंका, नीट आलं नाही. तुम्ही म्हणायचात, एतेल, पुन्हा एकदा.

बेलिसारिओ : तू हसत असायचीस त्या फोटोंत.

एतेल्विना : हसायला सांगायचे.

नार्सिसा : देवा!

एतेल्विना : तुला बोलू नकोस म्हटलंय. पत्रा टाकाल का, मास्तर?

बेलिसारिओ : टाकतो.

एतेल्विना : कधी?

बेलिसारिओ : आत्ता पाऊस आहे. भिंती भिजलेल्या आहेत. आत्ता छप्पर उघडलं तर भिंती वितळतील. पाऊस संपू दे.

एतेल्विना : आणि तोवर?

बेलिसारिओ : तोवर पेटवत राहावं लागेल. नाही तर छप्पर आपणहूनच येईल खाली.

एतेल्विना : पाऊस संपला की टाकाल?

बेलिसारिओ : पाऊस संपला की... बघू. तेव्हाची परिस्थिती बघून. कदाचित दुसरं काही औषध निघेल. शहरात एक माणूस आहे म्हणतात, गरम हवेनं भुंगा मारतो. त्याला विचारतो. तू तोवर जरा बरी झालीस की...

एतेल्विना : मी बरी व्हायची नाही. डॉक्टरांनी ते तुम्हालाच सांगितलं, मला नंतर.

बेलिसारिओ : असं बोलू नये, एतेल.

एतेल्विना : का बोलू नये? तुम्ही तर भूगोल शिकवलात, नद्या किती लांब ते मुलांना पाठ करायला लावायचात. पुढचा पाऊस मला दिसायचा नाही. मग पत्रा कुणासाठी टाकायचा?

नार्सिसा : आई, माझ्याकडे चल. आत्ता. हे छप्पर पडू दे यांच्या डोक्यावर.

एतेल्विना : तुझ्याकडे चार जिने. एक जिना चढता येत नाही मला. युफेमियाकडेच जाते. तिथे खाली दम कमी लागतो.

नार्सिसा : मावशीला काय सांगायचं? सकाळी निरोप घेऊन निघालो!

एतेल्विना : काही सांगू नकोस. तिला कळेल. ती माझ्याच आईची मुलगी आहे.

बेलिसारिओ : ईस्टरपर्यंत तरी राहा. दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवतो. मी एकही काडी पेटवत नाही, शपथ घेतो.

एतेल्विना : आत्ताच दमले, मास्तर. बोलताना दिसत नाही का? मला ईस्टरसुद्धा लांब आहे.

बेलिसारिओ : मी तुझ्यासाठीच घासले ते वासे.

एतेल्विना : माहीत आहे. शिडी धरायला कुणाला तरी बोलवायला हवं होतं. चला.

बेलिसारिओ : कुठे?

एतेल्विना : माझ्याबरोबर. युफेमियाची मागची खोली रिकामी आहे. दोन खाटा मावतात. इथे एकटे काय करणार आहात?

बेलिसारिओ : मी?

एतेल्विना : तुम्हीच. दुसरं कोण आहे इथे? बॅगा गाडीतच ठेवल्यासारख्या आहेत. तुमची एक भरायची.

बेलिसारिओ : मग इथे पेटवणार कोण?

नार्सिसा : ऐकलंस? आई, ऐकलंस ना?

एतेल्विना : ऐकलं. ओरडू नकोस, मला कानानं ऐकू येतं अजून. गाडीची किल्ली तुझ्याकडे आहे ना? बॅगा परत ठेव. सिलिंडर मी ओढते, चाकं आहेत त्याला.

बेलिसारिओ : दूध?

एतेल्विना : फेकून द्या. धान्यं मेर्सेदेसबाईंना द्या, त्यांचं कुटुंब मोठं आहे. मासा त्यांनाच. म्हणावं, पांढरा घेवडा तुमचा तुम्ही घाला.

बेलिसारिओ : एतेल, नळ तरी एकदा सोडून बघ. पाणी गार येतं, डोंगरावरचं.

एतेल्विना : बघितलं मी. चांगलं काम झालंय.

बेलिसारिओ : पोचल्यावर फोन कर.

एतेल्विना : नार्सिसा करेल. उंबरठ्यावर हात द्या जरा. हं. बस. आता नका येऊ गाडीपर्यंत.

बेलिसारिओ : वेणी सुटलीय तुझी मागून.

एतेल्विना : असू दे. मास्तर, लगेच पेटवू नका. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत थांबा.